नातेवाईकांना खाली न्या

मानसशास्त्र घेतलंय म्हटलं की समोरचं माणूस काय बोलतं ते मला आता तोंडपाठ झालंय. "मग सांग बघू, माझ्या मनात काय चाललंय?" मामा म्हणाला, एसटीतला कंडक्टर म्हणाला, मला बघायला आलेल्या स्थळाचा मोठा भाऊ म्हणाला आणि पोह्यांची बशी हातात धरून स्वतःच हसला. सुरुवातीला मी पण हसायचे. आता हसायचा कंटाळा येतो. "तुम्हाला भूक लागलीय," असं सांगून टाकते, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतं.

बाईंनी मात्र पहिल्या भेटीत भलतंच विचारलं होतं.

"चहा किती झेपतो गं तुला?"

मी तेव्हा साताऱ्याच्या कॉलेजात बीएच्या शेवटच्या वर्षाला होते. आमचं गाव पाटणच्या पलीकडे, घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे मी नेमकं काय शिकते हे घरी कुणालाच धड माहीत नव्हतं. आई शेजारणीला सांगायची, "डोक्याचं काहीतरी हाय." त्या वर्षी इंटर्नशिप सक्तीची झाली. वर्गातल्या निम्म्या पोरींनी ती ऑनलाइन उरकली. घरी लोळत व्हिडिओ बघायचे, शेवटी मोबाईलवर रंगीत सर्टिफिकेट येतं, ते स्टेटसला ठेवायचं, झालं. मला मेलीला खरा पेशंट बघायची हौस! आमच्या सरांनी सांगलीतल्या या बाईंचा पत्ता दिला. सरकारी दवाखान्यात मानसतज्ज्ञ म्हणून जन्म काढून रिटायर झालेल्या, आता स्वतःचं काहीतरी चालवतात म्हणाले. "जरा तऱ्हेवाईक आहेत," एवढंच पुढं जोडलं. जरा म्हणे!

सांगलीत मावशीकडे राहायची सोय झाली. बाईंचा दवाखाना स्टँडच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. खाली मोटर रिवायंडिंगचं दुकान. शेतातल्या जळालेल्या मोटरी दारात रांगेत पडलेल्या, वार्निशचा वास जिन्यातून थेट वर बाईंच्या टेबलापर्यंत यायचा. मला वाटलं, बिचाऱ्यांना चांगली जागा मिळाली नसेल. तसं नव्हतं. बाईंनी ती जागा शोधून शोधून घेतली होती. गावाकडचं कुणी जिन्यात भेटलंच, तर मोटर भरायला आलोय म्हणून सांगता येतं, हे त्यामागचं डोकं. पाटीवर मन, मानस, समुपदेशन यातला एक शब्द नव्हता. 'झोप न येणे, डोके दुखणे, अभ्यासात लक्ष न लागणे', एवढंच. "पाटीवर मन लिहिलं की जिना कोण चढतंय? डोकं दुखतंय म्हटलं की सासू स्वतः घेऊन येते," असं त्यांचं म्हणणं.

बाई उंच, सडसडीत. पांढरे केस कानापर्यंत कापलेले, कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात पुरुषांची वाटावी अशी जाड चप्पल. जांभई आली की सरळ द्यायच्या, पेशंटच्या तोंडावर. एका शिक्षकाच्या बोलण्यात त्या एवढी मोठी जांभई द्यायला लागल्या की मी शरमेनं खाली बघितलं. तो गेल्यावर म्हणाल्या, "खोटं बोलत होता. खऱ्याला मला जांभई येत न्हाई." याला पुस्तकात काय आधार, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आणि भाजी! रोज सकाळी मंडईतून पिशवीभर भाजी आणून त्या टेबलावर ओतायच्या. मेथी, मटार, गवार, जे मिळेल ते. पेशंट समोर बसला की एक जुडी त्याच्यापुढे, एक स्वतःपुढे. "निवडा. निवडता निवडता बोलू." सुरुवातीला माणसं बावचळायची. पण मग हात कामाला लागायचे आणि तोंड आपोआप सुटायचं. एक रिटायर्ड सुभेदार असे शिस्तीत मटार सोलायचा की सालांची सुद्धा ओळ लावायचा, आणि ओळ लावता लावता एक दिवस ढसाढसा रडला. "हात मोकळा असला की माणूस डोळ्यात बघतो," बाई म्हणायच्या, "आणि डोळ्यात बघून कोण खरं बोललंय आजवर?" संध्याकाळी तीच भाजी त्यांच्या घरी शिजायची. नोंदी त्याच टेबलावर लिहायच्या, म्हणून माझ्या वहीत मात्र सगळीकडे माती.

हे सगळं मी दाराच्या फटीतून बघितलेलं. कारण माझं काम वर नव्हतंच.

आपल्याकडे या असल्या दवाखान्यात एकटं कुणी येत नाही. पोराला झोप लागत नसेल तर आई, बाप, चुलता, चुलत्याचा साडू आणि गाडी काढली म्हणून गाडीवाला, असं सगळं लटांबर येतं. विचारायचं एकाला आणि उत्तरं द्यायची चौघांनी. "काय होतंय तुला?" म्हटलं की बाप म्हणणार, "काय न्हाई, त्येला मोबाईलचा नाद हाय." त्यावर बाईंनी काढलेला उपाय असा, की कुणी लेकरू इंटर्नशिपला आलं की त्याला नातेवाईकांच्या मागे लावून द्यायचं. दारात माणसं दिसली की बाई मान वर करायच्या, एका नजरेत सगळ्यांना बघायच्या, आणि म्हणायच्या, "ह्यांना राहू दे. बाकीच्या नातेवाईकांना खाली न्या. चहा पाजा."

म्हणजे चहा मी पाजायचा. खाली टपरी होती, तिथं बाईंचं खातं. मी पाव्हण्यांना बाकड्यावर बसवायचं, चहा सांगायचा, आणि गप्प ऐकायचं. प्रश्न विचारायला बंदी. माणसं काय, चहा हातात आला की बोलतातच. मग माझी उलटतपासणी सुरू व्हायची. गाव कुठलं, वडील काय करतात, जमीन किती, एवढं शिकून काय करणार, लग्नाचं बघायला लागलेत का. केस हिस्टरी घ्यायला आलेली मी, माझीच केस हिस्टरी आख्ख्या सांगली जिल्ह्याला देऊन बसले. टपरीवाला मला 'नातेवाईकवाल्या ताई' म्हणायला लागला. पित्तानं घशाशी यायचं. मावशी म्हणायची, "अगं शिकायला आलीस का हॉटेलात कामाला?"

पाव्हणे गेले की बाई विचारायच्या, "हं. खाली काय झालं?" मी सांगायला लागले की हात वर. "काय बोलले ते नगं. कुणाचं नाव घेतलं न्हाई ते सांग."

आधी मला हे खूळ वाटलं. पण एकदा एक बाप तासभर बोलला. घरातली म्हैस आली, मेव्हण्याचा ट्रॅक्टर आला, पण धाकट्या मुलाचा एका शब्दानं उल्लेख नाही. मी ते सहज सांगितलं. पुढच्या वेळी बाईंनी वर बसलेल्या त्याच्या थोरल्या पोराला विचारलं, "धाकटा काय करतो?" आणि पोरगा मेथी टाकून उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्या दिवशी मला बाईंचा पहिल्यांदा धाक वाटला.

पुस्तकी शब्द मात्र त्यांना खपायचे नाहीत. मी एकदा रुबाबात म्हणाले, "बाई, त्यांना अँग्झायटी असावी." बाईंनी गवारीचं देठ खुडलं. "कुठं होतंय त्येला ते? छातीत का पोटात? घरी गेल्यावर बायकोला काय म्हणतो, मला अँग्झायटी झालीय, भाकरी वाढ, असं?" मी मुकाट्यानं म्हणाले, "छातीत धडधडतं म्हणतात." "मग तसं बोल की," म्हणाल्या आणि पुढच्याला हाक मारली.

पेशंट कोण आहे, हे त्या कधी विचारायच्याच नाहीत. फोनवर कुणी सांगायला लागलं तर "या घेऊन" म्हणून ठेवून द्यायच्या. पेशंटचा कागद सुद्धा माणसं गेल्यावर लिहायचा. एकदा मी विचारलं, "पण बाई, तुम्हाला कळतं कसं?" त्या दिवशी त्या खुशीत होत्या. कवठे महांकाळकडच्या त्या, वडील मेंढरं राखायचे, पाऊस सरला की कळप घेऊन घाटाखाली उतरायचे. बाई लहानपणी त्यांच्याबरोबर चाललेल्या. "आजारी मेंढरू वरडत न्हाई गं. वरडतं ते चांगलं असतं. आजारी असतं ते मागं राहतं, मान खाली घालून, गप्प. आबा नुसतं कळपाकडं बघून सांगायचे. मी बी तेच करते. दारात येणाऱ्यात जे गप्प, ते वर. जे वरडतं, ते चहाला."

मी हे वहीत लिहून घेतलं होतं. परीक्षेला काही ते आलं नाही.

मग त्या गुरुवारी कडेगावकडची माणसं आली.

भाड्याची जीप करून आले होते चौघं. पुढं पांढऱ्या टोपीतले एक चुलते, त्यांच्यामागं त्यांचा पुतण्या, मग त्याची म्हातारी आई आणि सगळ्यात शेवटी त्याची बायको, घरातली सून. सून जिना चढतानाच बोलत होती. "आवं ह्या मोटरी किती वो! आमची बी जळलीया. ताई, तुमी हितंच असता? पायऱ्या लय उंच हायत, आत्या, जपून. ह्यो वास कशाचा, थिनरचा व्हय?" कुणी उत्तर देत नव्हतं आणि तिचं काही त्यावाचून अडत नव्हतं. म्हातारी कोपऱ्यातल्या खुर्चीवर टेकली आणि पदराचा काठ चिमटीत धरून फरशीकडे बघत राहिली. चुलत्यांनी घसा साफ केला.

बाईंनी मान वर केली. सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. "ह्यांना राहू द्या," म्हातारीकडे बोट. "बाकीचे खाली जा. चहा घ्या."

चुलते घटकाभर घुटमळले. पण घरातलं मोठं माणूस आधी विचारायची पद्धत असेल, असं त्यांना वाटलं असावं. "बरोबर हाय. वैनीलाच सगळं म्हायती हाय," म्हणाले आणि आम्ही खाली उतरलो.

खाली आल्याबरोबर चुलते आणि नवरा रिवायंडिंगवाल्याकडे गेले. त्यांची मोटर खरंच जळलेली होती, त्यामुळे तिथं त्यांचं चांगलंच जमलं. बाकड्यावर मी आणि ती सून. माझ्याच वयाची, फार तर वर्षा दोन वर्षांनी मोठी. चहा बशीत ओतून तिनं एका दमात संपवला आणि विचारलं, "ताई, मला कवा न्हेणार वर?"

"तुम्हाला कशाला?"

"आवं, मीच हाय की पेशंट."

देवा! बाई चुकल्या?

ती मात्र आपल्याच नादात सांगत होती. घरच्यांना तिला डोक्यानं गेलेली ठरवायचं होतं. ती एकटीच बोलते म्हणून. चुलीशी बोलते, म्हशीशी बोलते, भाकरी थापताना भाकरीशी बोलते. "आता बोलू न्हाई तर काय करू? नवरा मुलखाचा मुका. आत्या म्हणजे सासूबाई तर मी लगीन हून आले तवापासनं बोलल्याच न्हाईत. व्हय न्हाई, एवढंच. घरात पोरगी रांगाय लागली तवा बरं वाटलं, ती तरी आ ऊ करती." मग तिचा आवाज उतरला. "आप्पांना म्हणजे चुलत्यांना कागद पायजे. कागद मिळाला की मला म्हायेरी धाडणार आणि ह्यांचं दुसरं लगीन करणार. त्येंना मुलगा पायजे. पण पोरगी आमच्याकडंच राहणार म्हणत्यात, येड्या बाईकडं पोर देत न्हाईत म्हणं. खरं हाय का वो ताई? देत न्हाईत?"

मला काय माहीत होतं? बीएच्या शेवटच्या वर्षाला असलेली मी, चहा पाजणारी. पण ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी हो म्हणाले की पोर गेलीच. मला रडायला आलं. "थांबा, आले," म्हणून मी जिना चढले.

दार ढकललं तर म्हातारी बोलत होती! मांडीवर मेथीची जुडी, बोटं भराभर चाललेली, आणि बारीक, खरखरीत आवाज. बाई गप्प. जांभई नाही, काही नाही. मी बाईंच्या कानाशी वाकून सांगितलं, "बाई, पेशंट खाली आहे. ही सासू आहे."

बाईंचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. कुणीतरी भर वर्गात छडी मारावी तसा झाला. त्यांनी म्हातारीकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग मला हातानंच सांगितलं, जा. म्हातारीचं आमच्याकडे लक्षही नव्हतं.

तिनं काय सांगितलं ते बाईंनी मला नंतर सांगितलं. बाईंनी नेहमीसारखं विचारलं होतं, "पोरं किती?" आणि म्हातारी म्हणाली होती, "दोन." तसं म्हणून ती स्वतःच दचकली. कारण त्या घरात एकच पोर मोजायचा हुकूम होता. लेकीनं पळून जाऊन दुसऱ्या जातीत लग्न केलं तेव्हा चुलत्यांनी घरात तेरावं घातलं आणि सांगितलं, या घरात तिचं नाव निघता कामा नये. "मग मी बोलायचंच सोडलं," म्हातारी म्हणाली. "तोंड उघडलं की तिचंच नाव येतंय. दुसरं काय बोलू?"

तिकडून चुलते वर आलेच. मोटरीचं काम ठरवून आल्यामुळे खुशीत होते. "झालं का मॅडम? सुनबाईला बोलवू का कागद आधीच करताय?"

दुसरं कुणी असतं तर सारवासारव केली असती. बाई उभ्या राहिल्या. "माझी चूक झाली. मी ह्यांनाच पेशंट समजले."

"म्हंजे?" चुलत्यांचा आवाज चढला. "आमच्या वैनीला येडी ठरवताय व्हय? घरातल्या थोरल्या बाईला?"

"येडं ह्यात कुणीच न्हाई. सून बोलतीया कारण घरात दुसरं कोण बोलत न्हाई. त्याला कागद मिळत न्हाई."

"तुमी न्हाई दिला तर दुसरीकडं मिळतो. लय दवाखाने पडलेत," चुलते म्हणाले आणि पुतण्याला खुणावून तरातरा उतरले. मागोमाग म्हातारी. जिन्यात ती थांबली, ओच्यातले मेथीचे देठ झाडले आणि पुन्हा पदर चिमटीत धरून चालू लागली. सुनेनं जीपमध्ये बसताना माझा नंबर मागून घेतला. नवरा तेवढ्या वेळात एक शब्दही बोलला नव्हता. खरं सांगते, त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

त्या दिवशी बाईंनी पुढचं माणूस घेतलं नाही. निवडलेली मेथी तशीच टेबलावर. सुनेनं खाली सांगितलेलं सगळं मी त्यांना सांगितलं आणि म्हणाले, "बाई, पण म्हातारी बोलली ना." तर माझ्यावर खेकसल्या. "म्हातारी बोलली म्हणून त्या पोरीचं लेकरू ऱ्हाणार हाय का तिच्याजवळ? खाली बसली होती ती, तुझ्याबरोबर चहा पीत! अर्धा तास तिचा होता तो." नंतरचे आठवडे त्या दारात आलेल्या माणसांना आधी विचारायच्या, "पेशंट कोण?" विचारताना त्यांचा आवाजच निराळा लागायचा. मला ते ऐकवत नसे.

माझे दिवस भरले. सर्टिफिकेटवर बाईंनी लिहिलं, 'ऐकता येते'. कॉलेजात सर म्हणाले, हे काय सर्टिफिकेट आहे? त्यांनी कॉलेजच्या छापील मजकुरावर पुन्हा सही आणायला लावली.

परीक्षा संपायच्या सुमाराला मला एक व्हॉइस मेसेज आला. कडेगावच्या सुनेचा. आधी पोरगी किंचाळत होती, मग ही.

"ताई, वळखलं का? मी म्हायेरी आलीया. आप्पांनी आणला वो कागद दुसरीकडनं. मला जीपमधी बसवलं, पोरगीला आत्यांच्या कडंवर दिलं. मी वरडतीया, पोरगी वरडतीया. आणि आत्या काय केल्या म्हायती हाय? पोरगीला घेऊन सरळ जीपमधी चढल्या की माझ्याशेजारी! आप्पा म्हणत्यात, वैनी, खाली उतर, इहिणीच्या घरी राहायला जातीस, लोक शेण घालतील तोंडात. आत्या म्हणल्या, घालू द्यात. आणि ड्रायव्हरला म्हणल्या, चल रं."

मी तो मेसेज पुन्हा पुन्हा ऐकला. आमच्याकडे लेकीच्या सासरी पाणी प्यायला लाजणारी माणसं आहेत. सासूनं सुनेच्या माहेरी जाऊन राहायचं, हे कुणी कुठे ऐकलंय? मेसेजच्या शेवटी ती हसत होती. "आता आत्याच बोलत्यात दिवसभर. माझी आई कावलीया. मला तर मधी तोंड घालाय मिळंना. रोज लेकीला फोन लाव म्हणत्यात, नंबर कुणाकडं मिळंना. आणि तुमच्या त्या बाईंना सांगा, आत्यांनी इचारलंय."

एवढी चांगली बातमी फोनवर कशी सांगायची? मी साताऱ्याहून सकाळची एसटी पकडली. म्हटलं, बाईंच्या मनावरचा दगड उतरेल. लेकरू आईजवळ राहिलं, आणखी काय पाहिजे? वाटेत दोनदा तरी एकटीच हसले असेन.

बाई दोडके सोलत होत्या. दवाखान्यात कुणी नव्हतं. मी मेसेज लावला. त्यांनी सोलणं थांबवून ऐकला, पुन्हा लाव म्हणाल्या, पुन्हा ऐकला. मी वाट बघत होते, आता हसतील.

"किती वेळ बसली होती गं ती म्हातारी माझ्यापुढं?" त्यांनी विचारलं.

"तेवढाच. त्या दिवशीचा."

"आणि ती चुकून बसली होती."

"म्हणून काय झालं बाई? चांगलंच झालं की!"

"चांगलंच झालं," बाई म्हणाल्या. मग हातातला अर्धा सोललेला दोडका त्यांनी टेबलावर ठेवला. खाली कुणीतरी मोटर चालू करून बघत होतं, ती घरघरून बंद पडली. "सरकारी दवाखान्यात काय, हितं काय, सगळा जन्म बघून बघून माणसं वर घेतली मी. ह्यो पेशंट, ह्यो नातेवाईक. कधी चुकले न्हाई म्हणून मिरवले. आणि जिथं चुकले तिथंच काहीतरी झालं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यात, सरळ. "मग इतकी वर्षं मी ज्यांना चहा प्यायला खाली धाडलं, त्यांच्यात कोण कोण होतं गं?"

मी म्हणाले, "बाई, असा विचार करायचा नसतो." किती पोकळ ते, आजही ऐकू येतं. त्यांनी मला दोडक्याच्या सालीची चटणी बांधून दिली आणि एसटी चुकेल म्हणून हाकललं.

आता मी साताऱ्यात एका शाळेत समुपदेशक आहे. आई, बाप आणि मधे मान खाली घातलेलं पोर, असे तिघं रोज माझ्यासमोर येऊन बसतात. बाप बोलायला लागतो आणि माझ्या तोंडावर येतं, तुम्ही जरा बाहेर थांबा. मग मी गप्प बसते. तिघांकडे आळीपाळीनं बघते. संध्याकाळी घरी येते तेव्हा इतकी दमलेली असते की सोबतीला येऊन राहिलेली आई विचारते, बसून बसून दमायला काय होतंय तुला?

बाईंनी त्या भेटीनंतरच्याच पावसाळ्यात दवाखाना बंद केला. गुडघे गेले, जिना झेपत नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मलाही कुणी विचारलं तर मी गुडघेच सांगते.